नको म्हणणारं रबरी बोट

मी एक जुनी तर्जनी आहे, मित्रांनो. हसू नका. अंगठ्याच्या शेजारचं बोट ना, तीच मी. रबराची आहे, पिवळी आहे आणि सध्या एका ऑफिसातल्या टेबलावर पेनांच्या डब्यात डोकं खाली करून उभी आहे. माझ्या एका बाजूला शाई संपलेलं पेन आणि दुसऱ्या बाजूला कात्री. कात्रीशी मी बोलत नाही. तिनंच मला घरच्यांपासून तोडलं.

जन्म माझा भांडी घासायच्या हातमोज्यावर झाला. आम्ही पाच भावंडं. करंगळी आधीपासूनच नाजूक, तिला भोक पडलं आणि अख्खा हातमोजा बाद झाला. बाकीचे गेले कचऱ्यात. मला तेवढं ताईनं कापून पर्समध्ये टाकलं आणि कात्रीसकट ऑफिसात नेलं.

आता ताई कोण, ते ऐका. वेबसाइटवर पैसे भरताना लोक कुठे अडकत नाहीत ना, हे लोकांच्या आधी तपासून बघायचं, हे तिचं काम. त्यासाठी फोनवर एक लुटुपुटूचं दुकान होतं आणि लुटुपुटूचं कार्ड. वस्तू निवडा, ‘पैसे भरा’ दाबा. मग फोन विचारणार, खरंच तुम्हीच का? अंगठा लावा. अंगठा लावला की खरेदी झाली. की परत पहिल्यापासून. दिवसभर दाबून दाबून बिचारीचं बोट सुजायचं. म्हणून तिनं माझ्या पोटात काळा स्पंज भरला, त्यातून एक बारीक तार काढली आणि मला खेळण्यातल्या क्रेनला बांधलं. मोटर फिरली की मी खाली वाकायची आणि काचेवर टिचकी मारायची. तारेमुळे काच मला माणसाचंच बोट समजायला लागली. थोड्या दिवसांनी मीही तसंच समजायला लागले.

काय खरेदी केली म्हणून सांगू! खुर्च्या घेतल्या, हत्ती घेतले, हत्तींना बसायला परत खुर्च्या घेतल्या. एकदा तर एक अख्खा डोंगर घेतला आणि उतारावरून घरंगळला तर नको म्हणून परतही केला. खोटं वाटत असेल तर कात्रीला विचारा. मी विचारणार नाही.

फक्त एक उणं होतं. माझ्या अंगावर रेषा नाहीत, त्यामुळे माझा ठसा उमटत नाही. फोननं ‘खरंच तुम्हीच का’ विचारलं की माझी बोलती बंद. तिथे ताईचाच अंगठा लागायचा. मी ‘पैसे भरा’ दाबायची आणि शेजारी तिचा ऊन ऊन अंगठा येऊन टेकायचा. माझ्या नशिबात अंगठा शेजारी असणं परत आलं होतं, मित्रांनो.

आणि आमचा एक खेळ होता. दुपारी कंटाळा आला की ताई अंगठा काचेपाशी न्यायची, मधेच मागे घ्यायची आणि हळूच मला म्हणायची, “आता नको म्हण.” मी टुणकन ‘नको’चं बटण दाबायची. खरेदी रद्द. ताई खुदकन हसायची आणि दुकान मुकाट्यानं आम्हाला बाहेर सोडायचं.

मग ऑफिसात चष्मेवाला आला. पोरगा हुशार, पण टेबलावर क्रेन बघून त्याचं तोंड कडू झालं. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून तुम्ही वेबसाइट बघता ती. त्या खिडकीच्या आतच त्यानं एक खोटा अंगठा बसवला. त्याला ना रबर, ना नख, नुसता प्रोग्रॅम. फोननं विचारायचा अवकाश, की तो आपला ‘हो’ म्हणून मोकळा. आम्ही दिवसभरात करायचो ते तो ताईचा चहा निवायच्या आत उरकायचा आणि पडद्यावर ‘सगळं ठीक’ म्हणून हिरवे दिवे लागायचे. त्या अंगठ्याला शिकवताना ताईनं चष्मेवाल्याला आमचं सगळं काम सांगितलं. खेळ तेवढा सांगितला नाही. खेळाला काम कोण म्हणतं?

क्रेन ताईच्या भाच्याकडे गेली. चष्मेवाला मला कचऱ्याच्या डब्यावर धरून म्हणाला, हे टाकू का? ताई म्हणाली, “राहू दे. खाऊन खाऊन काय खाणार आहे ते?” आणि मी पेनांच्या डब्यात आले. दुकानाचं नवं रूपडं बांधून झालं. मी रोज ताईचा अंगठा बघायची, कपावर, दाराच्या कडीवर, पेनावर. हातभर लांब. पण माझ्यापाशी काही यायचा नाही.

नवं दुकान लोकांसाठी उघडायला एक दिवस उरला, तेव्हा ताईची आत्या घराची किल्ली द्यायला आली. सगळे दिवे हिरवेगार. चष्मेवाल्यानं कौतुकानं फोन तिच्या हातात दिला, म्हणाला, घ्या काहीतरी. आत्यानं खुर्ची निवडली. फोननं अंगठा मागितला. आत्या थबकली, म्हणाली, घरात चार खुर्च्या आहेत, आणखी कशाला? आणि तिनं ‘नको’ दाबलं.

पडद्यावर चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. ना खरेदी झाली, ना रद्द. मागेही जाता येईना.

“तुमच्या दुकानाला आत यायचं दार आहे,” आत्या म्हणाली, “बाहेर जायचं विसरलात वाटतं.”

चष्मेवाला दिव्यांकडे बोट दाखवत राहिला. सगळे हिरवे आहेत, म्हणाला.

“हिरवेच असणार,” ताई म्हणाली. “आपण त्याला फक्त हो म्हणायला शिकवलंय.”

आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला उचललं, फुंकर मारली, पदर नव्हता म्हणून बाहीला पुसलं. क्रेन नव्हती. तिनं मला हातातच धरलं, तार चिमटीत पकडली. दुकान पहिल्यापासून उघडलं. मी ‘पैसे भरा’ दाबलं. अंगठा शेजारी आला, टेकता टेकता मागे सरला.

“आता नको म्हण,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मित्रांनो. जीव एकवटून म्हटलं. चक्र परत फिरायला लागलं, आणि कुठे अडलंय ते दोघं शोधायला बसले. संध्याकाळपर्यंत बाहेरचं दार सापडलं.

मला वाटलं, आता माझी जागा मला परत मिळणार. पण त्या खोट्या अंगठ्यालाही नको म्हणता येतं म्हणे. त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं. चष्मेवाल्यानं सांगितलं, आणि पापणी लवायच्या आत तो ते शिकला. दिवे हिरवे झाले. खरे हिरवे. ताईनं मला परत डब्यात ठेवलं, या खेपेला कात्रीकडे पाठ करून.

आता माझं रबर तडकत चाललंय. तुमच्या घरी नवं काही आलं, तर आणा बाबांनो, माझी ना नाही. पण जुन्याला हात लावण्याआधी एकदा विचारा, काम काय करायचीस ते नाही, खेळ काय खेळायचीस ते. आणि कधी या टेबलापाशी आलात, तर मला दाबू नका. नुसता अंगठा आणून शेजारी टेकवा. घटकाभर.