सारवणाखालची खाण

सोन्याची खाण बघायला कर्नाटकात कशाला जायचं? पलूसच्या पेठेत होती की, दहा बाय बाराची! सोनाराच्या कानशीतून उडालेली कणी जमिनीवर पडते, वर शेणाचं सारवण बसतं, पुन्हा कणी, पुन्हा सारवण. म्हणून जुनं दुकान विकताना भिंती एक घेतो आणि माती आम्ही, ती धुऊन सोनं गाळणारे गलाईवाले. या मातीचा पहिला धनी नाथाजी पोतदार, दुसरे कुतुबुद्दीनचाचा आणि आता मी, जयराज.

चाचांना त्या मातीतून एकच मणी हवा होता. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या आईनं, शालूबाईनं, तुटलेली बोरमाळ त्यांच्याकडे जोडायला दिली आणि एक मणी कमी भरला. "कुतुबुद्दीननं मारला," असं ती भर पेठेत ओरडली. पेठ ते कधी विसरली नाही. "खाली पडला आसंल," एवढंच चाचा म्हणत राहिले.

मणी माझ्या खिशात होता. आई गेल्यावर तिच्या बटव्यात सापडला, चिंधीत गाठ मारून ठेवलेला. म्हणजे तिला ठाऊक होतं! मला तिचा भयंकर राग आला. पण आई ती आईच.

दुपारभर मी घमेल्यात माती धूत बसलो. वरचा थर चाचांचा, खालचा पोतदारांचा. गढूळ पाणी निवळलं की तळाला पिवळी रेघ हलायची. कुणाची नथ, कुणाची बुगडी, कुठल्या लग्नातलं डोरलं. त्या बायका पाण्याखाली हळूहळू बोलतायत असं वाटायला लागलं. त्या गुंगीतच मी खिशातला मणी घमेल्यात सोडला.

"आवं चाचा, बघा!"

चाचांनी तो भिंगाखाली धरला.

"गड्या, ह्यात दोरा हाय की अजून. मातीत कवाच कुजला आसता."

तीस वर्षं सोनं गाळलं, आणि दोरा काढायचं सुचलं नाही मला.

"शालूबाईकडं व्हता?"

मी होकारार्थी मान हलवली. चाचांचे डोळे भरून आले. त्यांनी मणी माझ्या हातावर ठेवला. "कुनाला सांगू नगंस. गेलेल्या मानसाला कशाला नावं ठिवायची?"

मी उठलो. चाचा मागून "नगं रं, नगं" म्हणत होते. आई ओरडली होती त्याच जागी, पेठेच्या मधोमध, मी मणी वर धरून उभा राहिलो.

"ऐका, माझी आई खोटं बोलली."