खांबाजवळच्या बाकावरचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. संसदेच्या सभागृहात अगदी मागे, खांबाला खेटून एक बाक आहे. कितीतरी वर्षे मी तिथे मान वर करून उभा होतो.

माझा जन्म नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका आम्हाला तपासताना "एक, दोन" म्हणत. मला तपासणारी मात्र गाणे गुणगुणत होती. सुरुवातीला मी थेट सभापतींसमोर होतो. "काय स्वच्छ आवाज आहे!" असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई. पुढे नवे चकचकीत माईक आले आणि माझी रवानगी मागे झाली.

त्या बाकावर अपक्ष खासदार बसत. पक्षवाल्यांना बोलायला भरपूर वेळ मिळे, अपक्षांना दोन मिनिटे. समितीच्या बैठकीत त्यांना बसता येई, पण मत देता येत नसे. वेळ संपला की माझा लाल दिवा आपोआप विझे. आपल्या मालकाला वाक्याच्या मध्यावर सोडून देणे, हेच माझे काम झाले होते.

एके वर्षी तिथे रायना आली. डोंगरातल्या देवेतिना गावची ती गुरांची डॉक्टर. एका हिवाळ्यात गावातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद असताना, बर्फात अडकलेल्या गाडीत तिने एका बाईचे बाळंतपण केले होते. वासरे सोडवणाऱ्या त्या हातांनी बाळ वाचले, आई गेली. मग रायनाने गाव उठवले, वॉर्ड पुन्हा उघडायला लावला, आणि लोकांनी तिलाच निवडून दिले.

तिच्या शेजारी पलीकडच्या खोऱ्यातले एफ्तिम बसत. पांढऱ्या मिशांचे, तेही अपक्ष. रायना घरून बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खुसखुशीत पोळी, आणी. मधल्या सुट्टीत दोघे वाटून खात.

"काका, चीज कमी पडलंय का?"

"चीज बरोबर आहे गं. मीठ मात्र सासूच्या हातचं दिसतंय!"

मग तो कायदा आला. डोंगरातले छोटे वॉर्ड बंद करायचे आणि बाळंतपणे फक्त मोठ्या शहरात. सरकारला एक मत कमी पडत होते. सत्ताधारी पक्षाचे प्लामेन रायनाशेजारी येऊन बसले.

"डॉक्टरबाई, देवेतिनाचा वॉर्ड वगळतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आणि बाकीच्या गावांचं काय?"

"त्यांचं बघायला त्यांचे खासदार आहेत की!"

"बर्फ काय खासदार बघून पडतो का?" रायना म्हणाली. "नाही जमायचं."

प्लामेन हसत उठले. एफ्तिमच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "काका, चला, कॉफी घेऊ."

एफ्तिम परतले तेव्हा त्यांनी समोरच्या बानित्साला हात लावला नाही.

मतदानाआधी रायना बोलायला उभी राहिली. त्या गाडीतल्या बाईचे नाव तिने घेतले. सभागृहात कुणी फोन बघत होते, कुणी जांभई देत होते. "ती मला विचारत होती, की..." एवढ्यात माझा दिवा विझला. ती बोलतच राहिली. ती बाई काय विचारत होती, ते मी ऐकले. पुढच्या रांगांत कुणीच ऐकले नाही.

कायदा एका मताने मंजूर झाला. रायनाने वळून पाहिले. एफ्तिमचे बोट अजून बटणावरच होते.

"माझी नात पोटुशी आहे, रायना," ते खाली बघत म्हणाले. "आमचा वॉर्ड राहतोय."

ती कागद गोळा करून निघून गेली.

देवेतिनाचा वॉर्ड बंद झाला. "तत्त्व घेऊन बाळंत होऊ का आम्ही?" असे गावातल्या बायका तिच्या तोंडावर म्हणाल्या, असे मी तिच्याच तोंडून ऐकले. बर्फ पडू लागण्याआधी एका सकाळी ती बाकावर येऊन बसली. एफ्तिमशी ती कितीतरी आठवड्यांनी बोलली.

"काका, आमच्या बायकांना तुमच्या वॉर्डात घेतील का?"

एफ्तिमनी डोळे पुसले. "पाठव. मी स्वतः दारात उभा राहीन."

त्या दिवशी रायनाने आपली दोन मिनिटे मागून घेतली. पलीकडच्या खोऱ्यात जाणारा घाटातला रस्ता बर्फातही मोकळा ठेवा, एवढेच तिने मागितले. तेवढे मिळाले. पुढच्या निवडणुकीत ती हरली.

आता मी तळघरात, मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून आहे. माझ्या जागी नवा माईक आहे. त्याचाही दिवा दोन मिनिटांतच विझतो म्हणे.

मित्रांनो, मला पुसून ठेवले नाही तरी चालेल. पण तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी एकटेच उभे राहून बोलत असेल, तर त्याचे वाक्य तेवढे पुरे होऊ द्या.