रोपाची गाठ

शहरातल्या नि आसपासच्या बागा पालथ्या घालायचं खूळ थोरलीचं. दर रविवारी एक बाग, तीही ठरलेल्या क्रमानं. पंचवीस वर्षं माळीकाम करूनही सुट्टीच्या दिवशी बाईला झाडंच बघायची असत! धाकट्या बहिणीलाही ती ओढून न्यायची. तेवढे चार तास तरी पोरीच्या अंगाला नवऱ्याचा हात लागत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी धाकटी नेसत्या कपड्यांनिशी थोरलीकडे निघून आली. मागे सगळंच राहिलं. स्वयंपाकघरात चिकटवलेली बागांची यादीही राहिली, तारखांसकट. दोघींच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. नवरा मात्र ती यादी रोज वाचत होता.

त्या रविवारी पाळी होती शहराबाहेरच्या तळ्याकाठच्या रानाची. बांबूच्या बेटामागून तो निघाला तेव्हा धाकटी पाणकोंबडीची धांदल बघून हसत होती, कित्येक महिन्यांनी. त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड बांबूवर आपटलं. एकदा, मग पुन्हा.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला. तेही अहोजाहो करून! "हा आम्हा नवराबायकोचा प्रश्न आहे."

"सोड तिला, मेल्या!"

त्यानं चाकू काढला. थोरलीच्या पिशवीत छाटणीची कातर, काथ्याची दोरी आणि पाण्याची स्टीलची बाटली कायम असे. कातर तिनं त्याच्या मनगटात खुपसली. चाकू पडला, तो गुरासारखा ओरडला, आणि भरलेली बाटली कानशिलावर बसताच आडवा झाला.

थोरलीनं चाकू तळ्यात भिरकावला. त्याला फरफटत झाडाशी नेलं आणि हात मागे घेऊन खोडाला बांधले. बोटं सवयीनं चालत होती. मग पोलिसांना फोन लावायला ती रेंज शोधत वाटेवर गेली. धाकटी काठाशी बसून तोंडावरचं रक्त धुऊ लागली.

फोन लागला आणि तेवढ्यात किंकाळी आली.

थोरली धावत परतली तर तो धाकटीच्या छातीवर बसून तिचा गळा आवळत होता. झाडाला दोरी तशीच लोंबत होती. आठाच्या आकड्यासारखा वेढा, आत दोन बोटं जागा. रोप काठीला बांधताना ठेवतात तशी, खोड वाढलं तर काचू नये म्हणून. त्या राक्षसाला काचू नये याची काळजी तिच्या बोटांनी घेतली होती. थोरलीला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

ती पोचण्याआधीच धाकटीच्या हाताला दगड लागला. तिनं तो त्याच्या तोंडावर हाणला. दात मोडल्याचा आवाज झाला. तो कलंडला, तशी ती त्याच्यावर चढून बसली.

"हा इस्त्रीचा!" तिनं दगड मारला. "हा जिन्याचा!"

तिसऱ्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तो घाव न जन्मलेल्या बाळाचा होता, हे थोरलीला न सांगता कळलं. चौथ्याला मात्र तिनं धाकटीचा हात वरच्या वर धरला.

"पुरे, बाळा. मरेल तो. त्याच्यापायी तू तुरुंगात जायचं नाहीस."

तो रक्त थुंकत, कण्हत पालथा झाला. थोरलीनं झाडाची दोरी सोडवून आणली, पण धाकटीनं ती काढून घेतली.

"ताई, तू नको. मी बांधते."

तिनं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि दोरी मांसात रुतेपर्यंत ओढली. मग आणखी एकदा ओढली.