शनिवारची सांगलीची गाडी

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे, मित्रांनो. लष्करातली. अंग ॲल्युमिनियमचे, वर खाकी कापडाची खोळ. हवालदार मानसिंगच्या कमरेला मी सतरा वर्षे होते. लडाखमध्ये माझ्यातले पाणी गोठू नये म्हणून तो मला कोटाच्या आत छातीशी धरून झोपायचा. निवृत्तीच्या दिवशी त्याचे सगळे सामान जमा झाले. मी पोचे पडून बाद ठरले होते, म्हणून मला घरी न्यायची परवानगी मिळाली. कोरेगाव तालुक्यातल्या त्याच्या गावी मला खुंटीवर मानाची जागा होती. शेजारची पोरे मला हात लावायला यायची.

दुसऱ्या वर्षापासून माझ्यात रम भरली जाऊ लागली. शेतात, सोसायटीच्या सभेत, लग्नात मी बरोबर असे. कोणी विचारले की मानसिंगचे उत्तर ठरलेले. "पाणी हाय." हे खोटे आम्ही दोघांनी मिळून सहा वर्षे चालवले. माझ्या खोळीला वास लागला. घरच्यांनी मला हात लावणे सोडले.

गेल्या वर्षी त्याची मुलगी शिवांजली पोलिसात भरती झाली. प्रशिक्षण संपताना संचलन असते, त्याला आईवडिलांना बोलावतात. सुट्टी संपवून निघताना ती उंबऱ्यात बूट घालता घालता म्हणाली, "आबा, आईला तेवढं घिऊन जाईन मी. तुमी येऊ नगासा."

"का गं?"

"तितं तुमी सलामी द्याल, आन तोल जाईल."

संचलनाला चार महिने होते. तिसऱ्या दिवशी मानसिंगने दवाखान्याच्या भिंतीवरून टिपून आणलेला नंबर फिरवला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीचा तो नंबर होता.

"साताऱ्यातच बैठक हाय की," पलीकडचा माणूस म्हणाला. "जवळ पडंल तुमाला."

"सातारा नगं. तितं निम्मी पलटण रिटायर हून बसलीया."

"मग कऱ्हाड?"

"कऱ्हाडात माझी सासुरवाडी."

पलीकडचा हसला. "मग सांगलीला या, गड्या. शनिवारी दुपारी दोनला." त्याने एका शाळेचा पत्ता सांगितला.

शनिवारी मानसिंगने इस्त्रीचे कपडे घातले, छातीवर पदके लावली. धीराला म्हणून मला काठोकाठ भरून पिशवीत टाकले. कऱ्हाडला गाडी बदलून दोनला वीस मिनिटे कमी असताना तो शाळेच्या मागच्या खोलीत पोहोचला. आठ-दहा माणसे आणि चहाची किटली होती. त्याने टाच आपटली आणि नंबर, हुद्दा, पलटण, नाव, आडनाव, गाव, सगळे खणखणीत सांगून टाकले.

खोलीत हशा पिकला. चहा ओतणाऱ्या बनुबाई म्हणाल्या, "बसा, हवालदार. हितं नुसतं पैलं नाव लागतं. गाव तर सांगायचंच न्हाई."

"मला न सांगता बी ठावं हाय ह्याचं गाव," मागून आवाज आला.

मागच्या बाकावर कृष्णात बसला होता. मानसिंगच्याच गावचा, शेताला शेत लागून असलेला. हातभर बांधावरून दोघे पाच वर्षे बोलत नव्हते. कृष्णातने दारू सोडली ती पोटाच्या दुखण्याने, असे गाव समजत होते.

मानसिंगने पिशवी उचलली आणि तो दाराकडे निघाला. मी आत हिंदकळत होते. बाहेरच्या पहिल्याच झाडाखाली माझे टोपण उघडणार, हे मला पक्के ठाऊक होते.

"जा की," कृष्णात म्हणाला. "मी बी पैल्यांदा दारातनंच माघारी गेलतो. परत यायला दीड वरीस लागलं. त्यात थोरल्या पोरीचं लगीन झालं. मांडवात मी हुतो म्हणं. मला आठवत न्हाई."

मानसिंग दारातून माघारी वळला. मग तो आत आला आणि त्याने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

"मी मानसिंग. ह्यात पाणी न्हाई."

मित्रांनो, सहा वर्षांत माझ्याबद्दल प्रथमच कोणी खरे बोलले होते. टाळ्या वाजल्या. बनुबाईंनी मला मोरीत उपडे केले, तीनदा विसळले आणि नळाचे पाणी भरून परत दिले.

परतीच्या गाडीत दोघे एकाच बाकावर बसले आणि कऱ्हाड येईपर्यंत बांधावरून कडाक्याचे भांडले. दोघेही शुद्धीत होते.

पुढे डॉक्टरांच्या गोळ्या आणि दर शनिवारी सांगली. दुसऱ्या महिन्यात मानसिंग एकदा घसरला; पुढच्याच शनिवारी सगळ्यांसमोर ते सांगून मोकळा झाला. चौथ्या महिन्यात आईकडून सगळे कळल्यावर शिवांजलीने स्वतः फोन करून त्याला बोलावले. संचलनात ती समोरून गेली तेव्हा त्याचा हात कानशिलाशी गेला आणि तसूभरही हलला नाही. नंतर ती घामाघूम होऊन आली, तिने त्याच्या खांद्यावरून मला ओढून घेतले आणि ती घटाघटा पाणी प्यायली. तोंडाला लावण्याआधी तिने मला हुंगले नाही.

गावाला वाटते, बांधाची केस दोघांनी सांगलीच्या वकिलाकडे नेली आहे. परवा दूध डेअरीवर आप्पासो सकाळी सातलाच झोकांड्या खात आला. म्हणाला, "मानसिंगदा, त्या वकिलाचं नाव आमाला बी सांगा की. माझा बी बांध हाय."

मानसिंगने त्याच्या हातातली दुधाची किटली धरली. "शनिवारी सकाळच्या गाडीला ये. नाव न्हाई त्याला, आन फी बी न्हाई."

मित्रांनो, तुमच्या ओळखीतही कोणी आप्पासो असेल. त्याच्या बाटल्या शोधत बसू नका. त्याला गाडीची वेळ सांगा, आणि स्टँडपर्यंत सोबत जा.