उघडी झाकणं

आई हॉस्पिटलमधून घरी आली ती एकच शब्द घेऊन. तहान लागली की ‘चिमा’, दिवा घालवायचा असला की ‘चिमा’, सूप बेचव झालं की वाटी सरकवून ‘चिमा!’ डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या झटक्यानंतर असं होतं. बोलणं जातं, एखादाच शब्द मागे राहतो, आणि त्याला काही अर्थ असेलच असं नाही. समजतं मात्र त्यांना सगळं.

तीस वर्षं आईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून, “जोडून देते” म्हणत, परक्या माणसांची बोलणी जुळवत. त्याच एक्स्चेंजवर तिचा मुलगा कादंबरी लिहिणार होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. लेखक म्हणवून घ्यायला लाजायचा, तरी दोन पुस्तकं नावावर होती. तिसऱ्यासाठी त्याला डोंगरातल्या एका लेखक-निवासात दोन महिन्यांसाठी खोली मिळाली होती. पहिल्या तारखेला निघायचं होतं. आराखडा तयार होता: कामाची एक पाळी, आठ बायका, त्यातली पाचवी आई.

तोवर आईला त्याच्या धाकट्या बहिणीने सांभाळायचं ठरलं. सवय व्हावी म्हणून ती आधी चार दिवस राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा धीर सुटला.

“दादा, हे झाकणांचं काय प्रकरण आहे?”

आई वॉकर घेऊन घरभर फिरायची आणि दिसेल ते उघडायची. कपाटं, वॉशिंग मशीन, मळक्या कपड्यांची टोपली, त्याच्या हस्तलिखिताचं खोकं. उघडायचं, आत बघायचं, तसंच ठेवून पुढे जायचं. कुणी लावून टाकलं की परत येऊन उघडायचं. भर दुपारी सगळं घर आ वासून बसलेलं असायचं.

“आणि ती चिमा म्हणते ना, ते हाक मारल्यासारखं म्हणते,” बहीण म्हणाली. “मी ओट्यापाशी होते. वाटलं, आता माझ्या मागून कुणीतरी ओ देणार. मी नाही बाबा राहणार तिच्याबरोबर एकटी.”

“अगं, पण माझी ती खोली...”

“आईचं हे असं झालंय आणि तुला खोलीचं पडलंय! मलाही कामं असतात, दादा. छापून येत नाहीत म्हणून ती कामं नाहीत का?”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो मामाकडे गेला. मामा आईचा थोरला भाऊ, बसवर ड्रायव्हर होता. आता ऐंशीचा झालेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटाच राहायचा. रेडिओ उघडून त्याचे स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडत बसला होता.

“मामा, चिमा कोण?”

मामाचा हात थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“आईने. दुसरं काही बोलतच नाही ती.”

मामाने उठून खिडकी लावली. परत येऊन बसला, पण स्क्रूंना हात लावला नाही.

“आमची धाकटी. चार वर्षांची होती. तुझी आई आठची, मी बारा. दोघी लपाछपी खेळत होत्या. तुझ्या आईवर राज्य होतं. घरात गाद्यांची एक लोखंडी पेटी होती. चिमा तिच्यात शिरली आणि बाहेरून कडी पडली. आपोआप.”

मामाने वर्तमानपत्राचा कोपरा सारखा केला.

“तुझ्या आईने हाका मारल्या, शोधलं. सापडेना, तेव्हा वाटलं मुद्दाम छळतेय. कंटाळून मैत्रिणीकडे खेळायला गेली. संध्याकाळी घरात शोधाशोध सुरू झाली, तर घाबरून म्हणाली, मी तिच्याबरोबर नव्हतेच. मग सगळे बाहेर शोधत राहिले. रस्त्यावर, स्टेशनवर. पेटी दुसऱ्या दिवशी उघडली.” मामा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. “वडिलांनी घर बदललं. म्हणाले, तिचं नाव काढायचं नाही. कुणी काढलं नाही. अडुसष्ट वर्षं.”

परतीच्या वाटेवर त्याला एकेक आठवत गेलं. त्यांच्या घरात कडीची पेटी कधीच नव्हती. लहानपणी एकदा तो कपाटात लपला होता, तेव्हा आईने आयुष्यात एकदाच त्याला मारलं होतं, आणि मारताना तीच रडत होती.

बसमध्ये असताना त्याच्या पुस्तकांच्या संपादकबाईंचा फोन आला. तो सांगणार नव्हता, पण तोंडून निघून गेलं.

बाई म्हणाल्या, “अहो, एक्स्चेंज राहू द्या. तुमची कादंबरी ही आहे.”

त्याला बाईंचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. कारण मामा बोलत असतानाच त्याच्या डोक्यात पहिलं वाक्य तयार झालं होतं.

सकाळी तो आईच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसला. त्याला वाटत होतं, आई मनाने त्या दुपारीच अडकलीय, अजून शोधतेय.

“आई,” तो हळूच म्हणाला, “चिमा सापडली गं. आता नको शोधूस.”

आईने चांगल्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली.

तिचे डोळे लख्ख होते. ती काही विसरली नव्हती. चिमा सापडली होती, कशी सापडली होती, सगळं तिला माहीत होतं. ती वॉकर ओढत टोपलीपाशी गेली, त्याने नुकतंच लावलेलं झाकण उचललं आणि त्याने पाहिलं का, ते वळून बघितलं. ती शोधत नव्हती. ती उघडत होती.

“हे लिहू का, आई?”

“चिमा,” आई म्हणाली.

एव्हाना तिचे सगळे सूर त्याला ओळखू यायचे. तहानेचा, रागाचा, पुरे झालंचा. हा सूर त्यातला नव्हता.

बहिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, “तू जा. महिनाभर मी बघते. झाकणं नाही लावणार.”

तो दोन महिन्यांऐवजी एकच महिना गेला. सकाळी एक्स्चेंजच्या आठ बायका लिहायचा. दुपारी दुसऱ्या कागदांवर दुसरं काही. ती सतरा पानं झाली. परत आल्यावर त्याने ती आईला वाचून दाखवली. पेटीपाशी आल्यावर आईने कागदावर हात ठेवला. तो थांबला. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि त्याने पुढे वाचलं. त्या दिवशी झोपेपर्यंत तिने तो शब्द एकदाही उच्चारला नाही. घर इतकं शांत झालं की बहिणीने दोनदा येऊन तिचा श्वास चालतोय ना, ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी चहा हवा होता तेव्हा ती पुन्हा ‘चिमा’ म्हणाली.

आठ महिन्यांनी आई गेली. एक्स्चेंजची कादंबरी आली, बरी चालली. बाई अजून त्या दुसऱ्या गोष्टीचं विचारतात. तो म्हणतो, लिहिलीच नाही. सतरा पानं बहिणीकडे आहेत, तिने ती वाचलेली नाहीत.

दुकानात काच घासताना मध्येच त्याला ‘चिमा’ अशी हाक ऐकू येते. आईच्या म्हातारपणीच्या आवाजातली नव्हे. आठेक वर्षांच्या मुलीची, दमलेली, जराशी वैतागलेली. तो मशीन बंद करतो आणि समोरचं गिऱ्हाईक विचारतं, “काय झालं?”