पाठमोरा पाहुणा

चित्रपटातल्या एका वाक्यातून ऑरिन प्रॉबर्टला काय मिळणार होतं, ते आधी मांडते. त्या दिवसाची मजुरी साडेसोळाऐवजी पंचवीस डॉलर; ते किरकोळ. खरी कमाई वेगळीच होती. नेब्रास्कातल्या त्याच्या गावात लोक अकरा वर्षं म्हणत होते, की ऑरिन सिनेमात वगैरे काही नाही, तुरुंगात आहे आणि त्याची बहीण आयडा ते झाकतेय. ती तोंडं एकदाची बंद होणार होती.

लोकांचंही फारसं चुकत नव्हतं. अकरा वर्षांत ऑरिनने दीडशेवर चित्रपटांत काम केलं, आयडाने त्यातले गावात आले तेवढे सगळे पाहिले, आणि भाऊ तिला एकदाही दिसला नाही. ती पत्रात विचारायची, ‘‘जहाजाच्या कठड्याशी हॅट उचलणारा तू होतास का रे?’’ असायचा तोच. पण हॅट नेमकी तोंडापुढे.

याला कारण आमचा धंदा. गर्दीतल्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात एकदा नीट आला, की त्या चित्रपटापुरता तो माणूस संपला. काल मेजवानीत दिसलेला उद्या कोर्टात कसा बसेल? लगेच नवा माणूस बोलावतात. म्हणून जुनी खोडं तोंड लपवतात. कॅमेरा वळला की कुणाचा रुमाल पडतो, कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला शेजारणीच्या कानात सांगायचं काहीतरी नेमकं तेव्हाच आठवतं. ऑरिन यातला उस्ताद. मी चौतीस साली कॅन्ससहून हॉलिवुडात आले, तेव्हा त्यानेच मला तालीम दिली. ‘‘वेल्मा, चेहरा म्हणजे पुंजी,’’ तो म्हणायचा. ‘‘पुंजी मोडून कुणी खातं का?’’

अडतीसच्या मार्चमध्ये एका मेजवानीच्या प्रसंगासाठी आम्हा चाळीस जणांना बोलावलं. सहायक दिग्दर्शक किलगोर याला माणसांची नावं माहीत नसत, तो कपड्यांवरून हाका मारी. त्याने ऑरिनच्या स्वतःच्या, इस्त्रीच्या टेलकोटाकडे बोट केलं.

‘‘ए, चांगला कोट! नायिका विचारेल, ‘ते कुठे आहेत?’ तू म्हणायचं, ‘ते मघाशीच गेले, बागेच्या दाराने.’ जमेल? उद्या सकाळी.’’

ऑरिनने त्या संध्याकाळीच आयडाला तार केली: मेजवानी, बागेचं दार सांगणारा तो मी. शब्दागणिक पैसे पडतात म्हणून चित्रपटाचं नाव आणि एवढंच.

माझी खोली त्याच्या खोलीखाली. रात्रभर डोक्यावर त्याची पावलं. खिडकी ते पलंग, पलंग ते खिडकी. ‘‘ते मघाशीच गेले.’’ मग ‘‘ते *मघाशीच* गेले.’’ मग नुसतं ‘‘गेले.’’ शेवटी मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

‘‘ऑरिन! गेला ना तो? मग जाऊ दे आता!’’

‘‘वेल्मा, ‘बागेच्या’वर थांबू की ‘दाराने’वर?’’

‘‘पलंगावर थांब!’’

सकाळी न्याहारीला त्याने कॉफीत मीठ घातलं आणि प्यायला.

पहिल्यांदा कॅमेरा सुरू झाला. नायिका आली, तिने विचारलं. ऑरिन वाक्य बोलला, इतकं सुंदर की मी दचकले. पण बोलता बोलता त्याचा खांदा वळला, आणि कॅमेऱ्याला मिळाली त्याची पाठ.

‘‘थांबा! अहो राजे,’’ किलगोर ओरडला, ‘‘कॅमेरा इकडे आहे. तिकडे भिंत आहे.’’

दुसऱ्यांदा ऑरिनने हातातला पेला वर नेला, नेमका नाकासमोर. तिसऱ्यांदा तो चक्क खाली वाकला. काय पडलं होतं देव जाणे. अकरा वर्षांची सवय. डोकं ‘वळ’ म्हणत होतं आणि मान ऐकत नव्हती. चाळीस जणांत कुणी हसलं नाही, कारण आमच्यातल्या प्रत्येकाची मान तशीच होती.

नायिका हातातला पंखा आपटत म्हणाली, ‘‘यांना माझं तोंड आवडत नाही का?’’

दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं आणि किलगोरला बोटाने खूण केली. किलगोरचं बोट माझ्याकडे फिरलं. ‘‘ए, हिरवा झगा! तुला येतं ते वाक्य?’’

येणार नाही तर काय? रात्रभर ऐकलं होतं. मी ऑरिनकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम पावडरीतून ओघळत होता.

‘‘बोल ना,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘तुझी मान अजून वळते.’’

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. एका दमात बोलले, तोंड पूर्ण कॅमेऱ्याकडे. ऑरिन माझ्या शेजारी उभा होता, सवयीप्रमाणे पाठमोरा.

जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, ‘‘आयडाला दुसरी तार कर.’’

‘‘उद्या करतो.’’

उद्या त्याला त्याच चित्रपटात स्टेशनच्या गर्दीत काम होतं. परवा कोर्टात. त्याचा चेहरा दिसलाच नव्हता, त्यामुळे त्याला सहा दिवस मिळाले. मला मिळाले नाहीत. मी संपले होते. मग एप्रिल गेला, मे गेला. मी दर महिन्याला आठवण करून दिली, तो दर महिन्याला ‘उद्या’ म्हणाला. पत्ता मला ठाऊक होता. तार मीही केली नाही.

ऑक्टोबरात आयडाचं पत्र आलं. ऑरिनने ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

आयडाने चर्चमधल्या चौदा जणांना स्वतःच्या खर्चाने पहिल्या रांगेत बसवलं होतं. बागेचं दार आलं, आणि ते सांगणारी हिरव्या झग्यातली बाई आली. हार्डवेअरवाला हब स्टोकली थिएटरभर ऐकू जाईल असा म्हणाला, ‘‘तुरुंगात हल्ली बायकांचे कपडे देतात वाटतं!’’

खाली तिने लिहिलं होतं: ‘‘ती बाई छान बोलली. तिच्या शेजारचा खांदा तुझा होता ना रे? मी ओळखला. बाकीच्यांना पटवता आलं नाही. चर्चमध्ये मी आता मागच्या बाकावर बसते, बरं पडतं.’’

तर एकूण असं. ऑरिनला सहा दिवस मिळाले आणि मला एक वाक्य. चौदा तिकिटांचे साडेतीन डॉलर आयडाने भरले. चर्चमधल्या पुढच्या बाकावरची तिची जागाही गेली.