गार ज्योत आणि घशातली नळी

दिसलं ते:
जिन्यात चपलांचा ढीग, दारात शेजारी, खाटेवर अण्णा. गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून श्वास घेणारे. ताप एकशे तीन. मी नळी बदलायला येणारी नर्स. मलाच आत शिरायला जागा नव्हती.

ताप उतरवायला घरच्यांनी बोलावलेल्या महाराजांनी पेनासारख्या दांडीतून जांभळी ज्योत काढली आणि स्वतःच्या तळहातावर टेकवली. हात भाजला नाही. गर्दीने श्वास रोखला. अण्णांना तो घेणंही जमत नव्हतं.

ऐकलं ते:
महाराज सांगत होते, हा अग्नी नव्हे, अग्नीची आई; हिला पाहूनच जंतू पळतात. मग ज्योत नळीच्या तोंडावरून दोनदा फिरली. झाले उपचार. आठ दिवस रोज असंच.

विचारलं ते:
बाहेरच्या नळीत बसणारी, धुवायला काढता येणारी आतली नळी ब्रशने कधी घासली होती?

"आठ दिवस नाही, सिस्टर," अण्णांची मुलगी म्हणाली. "ज्योतीनंतर ब्रश लावला की शक्ती उतरते, असं महाराज म्हणाले. डॉक्टरांची तीन औषधं झाली, ताप हटेना. मी काय करायला हवं होतं?"

मी हातमोजे चढवले.

आतली नळी काढून मी नवी बसवली. घरच्यांना घासायला शिकवताना लागतो म्हणून माझ्या पिशवीत निळा रंग असतो. काढलेली नळी आणि एक कोरी, दोन्ही त्यात बुडवून नळाखाली धरल्या. कोरीवरचा रंग वाहून गेला. अण्णांच्या नळीत निळा, बुळबुळीत थर तसाच.

"हे जंतूंनी बांधलेलं घर," मी म्हटलं. "यातून औषधही धड आत शिरत नाही. रोज घासलं तर ते बांधून होत नाही."

महाराज म्हणाले, "यांची श्रद्धा कमी पडली."

मुलीने त्यांच्या हातून दांडी ओढून घेतली. खाली बटण होतं. दाबलं. तिच्याही तळहातावर ज्योत टेकली, हात भाजला नाही. आणि श्रद्धा तर तिची नुकतीच मेली होती.

आत बॅटरी. विजेच्या जोराने टोकाजवळची हवा चमकते, फारशी तापत नाही. हिला थंड प्लाझ्मा म्हणतात. प्रयोगशाळेत अशी ज्योत अगदी जवळून, मिनिटंच्या मिनिटं, मोजून धरली तर असा थर खरंच मरू शकतो. आणि मेला का, ते नंतर तपासतात. इथे ती बाहेरून दोन क्षण फिरली. घाण आत होती.

मी बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना मुलगी एकच विचारत राहिली: उशीर झाला का? मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

तुम्हाला सांगते, हात जोडण्याआधी विचारा. आत पोचलं का? तपासलं कोणी? विचारायला एक मिनिट लागतं. अण्णांचे आठ दिवस गेले.